बरणीतलं तीर्थ

आमच्या लेकीचं, रेवाचं पत्र आलं तेव्हा थंडीचे दिवस होते, आणि चैत्र लागला तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

आईशी ती फोनवर बोलते. मला पत्रं लिहिते, कारण फोनवर मी 'हं' आणि 'बरं' यांच्यापलीकडे जात नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तिच्या पत्रात एरवी चार पानं गमतीजमती असतात. या पत्रात एकच पान होतं.

"बाबा, पावसाळ्यापूर्वी बोटींचा शेवटचा ताफा आत घेणार आहेत. मग राखीव बेटांचं दार बंद. पुन्हा कधी उघडेल, कोणी सांगत नाही. मला मे महिन्यात बाळ होईल. आई इथे हवी आहे, तूही हवा आहेस. दारावर तपासणीची सही माझी असते. दाखले सगळेच आणतात, पण मला तुझा शब्द हवा. बोट आतून-बाहेरून स्वच्छ आहे असं तू स्वतःच्या हाताने लिहून पाठव. तू लिहिलंस तर मी आत डोकावूनही बघणार नाही. खात्री नसलेली गोष्ट तू कधी लिहीत नाहीस."

या शेवटच्या वाक्यानेच माझं उत्तर अडवलं होतं. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे पाठ असलं तरी मी आधी जाऊन बघून येत असे आणि मगच सांगत असे. मुलं हसायची. खात्री ही इतर माणसांना कुठून मिळते, हे मला अजून समजलेलं नाही.

आमचं खाडीकाठचं घर उधाणाच्या पाण्याने खोलीखोलीने नेलं. शेवटी पडवी तेवढी उरली, आणि एका अमावास्येला तीही गेली. सरकारी भरपाईत डोंगरावरची एक खोली मिळत होती किंवा जुनी शिडाची बोट. मी खोली म्हणालो, माझी बायको मीनल बोट म्हणाली. मीनल दाभोळच्या मचवेवाल्यांची मुलगी. वारा कुठून फिरणार हे तिला मानेवरच्या केसांवरून कळतं. बोटीचं नाव आम्ही 'पडवी' ठेवलं. तेव्हापासून शीड ती सांभाळते, सुकाणू ती धरते, आणि मी तिला पुस्तकातून वाचून दाखवतो. बहुतेक वेळा ती म्हणते, "माहीत आहे मला."

असं बेटाबेटाने सरकत आम्ही हुराधू बेटावर आलो होतो. पुढचा टप्पा रेवाच्या बेटाचा, आणि तो शेवटचा.

हुराधू आता बुडत नाही. त्याच्याभोवती सगळीकडे पांढरा ओटा आहे, पुरुषभर उंच, आणि त्यावर लाट आपटून परत जाते. तो ओटा कोणी माणसाने बांधला नाही. त्याचं श्रेय एका सूक्ष्म जिवाला जातं. शास्त्रीय नाव लांबलचक आहे. बोटींवरची मराठी माणसं त्याला गवंडी म्हणतात.

समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. प्रवाळातले जीव तो वेचून घर बांधतात, पण फार सावकाश. माणसाच्या आयुष्यात वीतभर. गवंडी हा मुळात मातीतला जंतू. प्रयोगशाळेत त्याला खाऱ्या पाण्यात राहायला शिकवलं आणि त्याची भूक वाढवली. तो पाण्यातला चुना ओढून घेतो, स्वतःभोवती भिंत घालतो आणि भिंतीतच मरतो. त्याची पिल्लं त्या भिंतीवर पुढची भिंत घालतात. त्याला ऊन लागत नाही. ओल असली की पुरते. एका ऋतूत तो हातभर दगड चढवतो. समुद्र जेवढा चढेल, त्याहून वेगाने बेट चढेल, असा तो हिशेब होता, आणि हिशेब चुकला नाही. चुकलं ते एवढंच, की थांबायचं कधी हे त्याला शिकवता आलं नव्हतं.

त्याने किनाऱ्यावर बांधलं, मग किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात. जिवंत प्रवाळावर त्याने गिलावा केला. प्रवाळ गेलं तसे मासे गेले, माशांमागे पक्षी. हुराधूचा समुद्र आता काचेसारखा नितळ आहे, आणि त्यात काही नाही. बेटावरची माणसं डब्यातला मासा खातात. नांगर टाकून निवांत राहिलेल्या तीन बोटी ओट्यात रुतून बसल्या. त्यांतल्या एकीत आता किराणा दुकान आहे. डोलकाठीला केळ्यांचे घड लटकवलेले असतात.

गवंडी फक्त तांब्याला घाबरतो. म्हणून बोटींच्या बुडाला तांब्याचा रंग देतात. पण एकदा त्याने भिंत घातली की भिंतीआडचा जीव कशानेच मरत नाही, वाट बघत पडून राहतो. राखीव बेटं म्हणजे जिथे तो अजून पोचलेला नाही, जिथे प्रवाळ जिवंत आहे आणि कोळी अजून जाळं टाकतात, अशी उरलेली थोडी बेटं. थेंबभर पाणी तिथे पोचलं तरी पुरे.

म्हणून आमची तयारी इतरांच्या दुप्पट चालली होती. पडवीला क्रेनने उचलून कोरड्यावर ठेवलं. मीनलने शिडांच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. मी नांगराची साखळी गोड्या पाण्यात उकळली, एकेक कडी ब्रशने घासली. समुद्राचं पाणी आत घेणारे नळ बदलले. बुडाला तांब्याचे तीन हात दिले. पाण्याच्या टाक्या धुतल्या, तांदूळ-डाळ भरली, गॅस भरला, इंजिनाचं तेल बदललं. मीनलने रेवासाठी डिंकाचे लाडू केले आणि दोन जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली.

दाखला देणारा पाणबुड्या मालवणचा होता, दाजी कुबल. बूड, सुकाणू, नळांची तोंडं, साखळी असं सगळं त्याने हात फिरवून पाहिलं. मी मागे मागे.

"काकानु, बूड कसा, आरसो झालोसा! वाकान बघा, तोंड दिसतला."

"त्या सुकाणूच्या खाचेत नीट पाहिलंत ना?"

"बघलंय."

"आणि नळाच्या आत..."

"काकी," दाजीने वर हाक मारली, "ह्यांचा लगीन कसा ठरला ओ? मुलगी बघूक किती येळा इल्ले?"

"चार वेळा," मीनल शिडामागून म्हणाली. "चौथ्यांदा माझ्या बापाने विचारलं, मुलगी बघताय की वर्तमानपत्र वाचताय?"

दाजी हसला आणि त्याने दाखल्यावर शिक्का मारला. त्याच दुपारी मी पहिल्यांदा रेवाला उत्तर लिहिलं. "बोट आतून-बाहेरून स्वच्छ आहे. आम्ही येतो." लिहिताना हात हलका झाला. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. टपाल पिशवी ताफ्यातल्या टपालबोटीबरोबरच जाणार होती; दारावर आधी टपाल उघडतात, मग बोटी. सकाळी पाकीट धक्क्यावर देऊ, असं म्हणून ते मी शर्टाच्या खिशात ठेवलं.

सकाळी पडवी पाण्यात उतरली. निघण्यापूर्वी मीनल पूजा करते, प्रत्येक टप्प्याला. तिच्या आईने काशीचं पाणी रामेश्वराला नेऊन घातलं होतं आणि तिथली वाळू परत प्रयागला. ती रीत मीनलने समुद्रावर आणली. प्रत्येक बेटाचं पाणी ती गडूत भरून घेते आणि पुढच्या बेटावर पोचलो की त्यातलं पळीभर तिथल्या समुद्रात घालते. "पाण्याला पाण्याची ओळख करून द्यायची," ती म्हणते. देव्हाऱ्याच्या फळीवर तांब्याचे गडू ओळीने बसलेले असतात. शेवटी मात्र एक काचेची बरणी, हुराधूच्या पाण्याची. हुराधूला आलो तेव्हा बेटावर तांब्याचं भांडं नावालाही मिळत नव्हतं. सगळं तांबं बोटींच्या रंगात गेलेलं. मीनल खट्टू झाली होती. तेव्हा मोरंब्याची रिकामी बरणी धुऊन मीच तिच्या हातात दिली होती. "ही चालेल की," म्हणालो होतो.

नारळ वाढवून झाला. मीनलने प्रत्येक गडूतलं पळीभर पाणी डोलकाठीला, सुकाणूला, शिडाला शिंपडलं. मग तिने खाली जाऊन केबिनमधली फळी उचलली.

"हे काय?" मी विचारलं.

"बोटीच्या पोटात नको का? पोटच तर सगळ्यांना सांभाळतं. दर सोमवारी घालते मी."

फळीखाली बोटीच्या कण्यालगत एक अरुंद पोकळी असते. झिरपलेलं पाणी तिथे साठतं आणि पंप ते बाहेर समुद्रात टाकतो. एवढ्या तयारीत ती फळी मात्र मी उचलली नव्हती. मीनलने बरणीत पळी घातली. ठण्ण असा आवाज झाला.

"साखर धरलीय तळाला," ती म्हणाली. "मोरंब्याची राहिली असेल. तुम्ही धुतलेली बरणी!"

मी बरणी उजेडात धरली. तळाशी बोटभर जाडीचा पांढरा थर होता, आणि काचेच्या कडेने वर चढत चाललेला. साखर अशी चढत नाही.

"बाजूला हो जरा," मी म्हणालो.

मी विजेरी घेऊन पोकळीत डोकं घातलं. कण्याच्या बोल्टांवर पांढरी टोपी चढली होती. पंपाची नळी ओढून पाहिली, ती आली नाही; तिचं टोक दगडात होतं. नखाने खरवडलं, नख मोडलं. मी तसाच पालथा पडून राहिलो. पुन्हा पाहिलं, आणखी एकदा पाहिलं. आयुष्यभर मी दोनदा-तीनदा बघत आलो ते याच आशेने, की दुसऱ्यांदा काही वेगळं दिसेल.

दाजीला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, बोल्टावरची पांढरी टोपी ठोकून पाहिली.

"तांब्याचं, मोरचुदाचं पाणी घातलं तर?" मी विचारलं.

"वरचो मरतलो. खालचो जित्तो रवतलो. आणि ह्यो खय खय शिरलोहा, कोणाक म्हायत?" त्याने कण्याकडे बोट दाखवलं. "काढूचो तर बोट फोडूक व्हयी."

"ताफा उद्या निघतो."

"व्हय." मग तो खाली बघत म्हणाला, "माजी सही झाली आसा, काकानु. माजा काम भायरचा. भायर बोट साफ आसा. आतला तुमी बघा." आणि तो शिडीवरून उतरून गेला.

मीनल देव्हाऱ्यासमोर बसली होती. बरणी तिच्या मांडीत होती.

"तिथे पोचलो की हीच घालणार होते मी," ती म्हणाली. "बाळाला त्या पाण्याचा टिळा लावून, मग घालणार होते." मग फळीकडे बघून म्हणाली, "गडूतलं?"

"ते ठीक आहे. तांब्यात तो जगत नाही."

"म्हणजे माझ्या आईचं सगळं बरोबर होतं. मी तेवढी चुकले."

"बरणी मी दिली. काच म्हणजे तांबं नव्हे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही दिलीत, मी घेतली. आता वाटणी नका करू." तिने बरणी फडक्यात गुंडाळली. "ही जमिनीत पुरू. पंप बंद ठेवू. तिथे पंप चालवायचाच नाही. बादलीने उपसू, पिंपात भरू. एक थेंब बाहेर जाणार नाही."

"बोट गळते थोडी."

"सगळ्या गळतात. रेवा काय फळ्या उचलून बघणार आहे?"

"नाही. मी लिहिल्यावर ती बघणारच नाही."

"मग?"

"म्हणूनच."

तिच्या चेहऱ्यावर असा राग मी पूर्वी पाहिला नव्हता. "आयुष्यभर भाजीत मीठ बरोबर पडलंय की नाही याची तुम्हाला खात्री नव्हती. लग्न करावं की नाही, घर सोडावं की नाही, कशाची म्हणून नाही. आणि आजच बरी खात्री झाली! मुलगी तिकडे एकटी बाळंत होणार. परत ती दिसायची नाही, तुम्हाला कळतंय का? मी सदुसष्टची आहे. दार उघडेल तोवर मी असेन का?"

मी 'हं' म्हणालो नाही एवढंच.

दुपारी मी धक्क्यावर ताफ्यातल्या प्रत्येक बोटीकडे गेलो. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे माझ्या तळहाताला घाम येतो. पडवीची बातमी माझ्याआधी पोचली होती. एकाने मी शिडीला हात लावायच्या आधीच ती वर ओढून घेतली. मी त्याला दोष देत नाही. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, वाईट वाटतं हो. पण आमचीही लेकरं आत आहेत."

संध्याकाळी दाजी आला. पडवीवर चढला नाही, धक्क्यावरूनच बोलला. टपालबोटीवर तो पाणबुड्या म्हणून जाणार होता.

"कप्तानाक विचारलंय. एक खाट आसा. एकच. मी तांडेलाच्या बाकावर निजतंय, माजी खाट देतंय. माणसाक तांब्याच्या पाण्यान न्हाणयला की चलता, बोटीचा तसा नाय. पण दोन खाटी नाय, काकानु. मी लय बोललंय."

मीनलने ऐकलं. "मग तुम्ही जा," ती मला म्हणाली. "पाणी मी घातलं. बोट मी सांभाळते. मला येते."

"मी जाऊन काय करू? तिला कळा येतील तेव्हा मी बाहेर उभा राहून 'बरं' म्हणेन."

तिला हसू आलं. लगेच तिने तोंडावर पदर दाबला.

"तुम्हाला एकट्याला शीड उभारता येत नाही," ती म्हणाली.

"उभारायचं कशाला? आता कुठे जायचंय?"

"भात तरी येतो का?"

"पुस्तक आहे."

"बोट ओट्यात जातली," दाजी खालून म्हणाला. "पोटातसून धरली की बुडाचो रंग काय करतलो? वर्सभरात बसतली."

"माहीत आहे," मी म्हणालो. हे वाक्य आजवर मीनलचं होतं.

रात्री मीनलने मला बोटभर फिरवलं. तिने मला दोऱ्या दाखवल्या, कुठली कधी सैल करायची, गॅसची तोटी कशी घट्ट होते, औषधं कुठल्या डब्यात आहेत. मी कागदावर लिहून घेऊ लागलो तसा तिने कागद काढून घेतला. "लिहू नका. बघा," म्हणाली. मी बघितलं. मग मी दिव्याखाली बसून खिशातलं पाकीट फोडलं, आतलं पत्र बाजूला ठेवलं आणि दुसरं लिहिलं. पूर्वी एका पत्राला महिने लागले होते. याला एवढा वेळ लागला नाही.

"रेवा, तू विचारलं होतंस. बोट स्वच्छ नाही. फळ्यांखाली, कण्यावर गवंडी आहे. मी स्वतः पाहिला आहे. पडवीला कधीच दार उघडू नकोस, कोणी मध्यस्थी केली तरी. आई टपालबोटीने येते आहे. तिला तांब्याच्या पाण्याने न्हाऊ घालूनच बोटीत चढवतो आहोत, तिच्याजवळ कुठलंही पाणी नाही. ती स्वच्छ आहे. याची मला खात्री आहे. तीर्थावरून तिला काही विचारू नकोस. ती सांगेल तेव्हा ऐक. बाळाचं नाव मला पत्राने कळव. बाबा."

पाकीट फाटलं होतं. मी ते डिंकाने चिकटवलं. तिकीट तेच राहिलं.

सकाळी धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाजीने तिच्या डोक्यावर हिरवट पाणी ओतलं. लाडू ठेवून घ्यावे लागले, दुपटी त्या पाण्यात बुडवून दिली. पांढरी दुपटी हिरवी झाली. मीनल ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा मला लग्नाच्या आधीची चौथी भेट आठवली. हे तिला सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही.

"गडूंना सोमवारी चिंचेने घासा," ती म्हणाली. "आणि लाडू खा. ठेवून नका देऊ कोणासाठी तरी."

"बरं."

"एवढंच?"

"नीट जा," मी म्हणालो. तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फळीवरून टपालबोटीत चढली. मागे वळली नाही. समुद्रावरची माणसं वळत नाहीत, तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

टपालवाला धक्क्याच्या टोकाला पिशवीचं तोंड बांधायला बसला होता. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याने वजन पाहिलं, डिंकाने चिकटवलेली कड पाहिली.

"फाटकं आहे, साहेब. दुसऱ्यात घालायचंय का? थांबतो मी."

टपालबोटीचं इंजिन सुरू झालं होतं. मीनल पुढच्या बाजूला, हिरव्या दुपट्यांचं गाठोडं धरून उभी होती. मी पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"नको," मी म्हणालो. "असंच जाऊ दे."

त्याने पाकीट पिशवीत टाकलं, तोंड आवळलं, लाखेचा शिक्का मारला आणि पिशवी बोटीवर फेकली. ती मीनलच्या पायाशी जाऊन पडली.